मी येईपर्यंत

"हिच्यासमोर वरच्या निवाऱ्याचा विषय नको. नवी आहे, बिचकेल," सासूबाई म्हणाल्या.

"बिचकली तरी कळणार कसं? बोलत तर काहीच नाही," नणंद म्हणाली.

हे मी ऐकावं अशी दोघींचीही इच्छा नव्हती. मी दुकानामागच्या गोदामात होते. चौदा स्लीपिंग बॅगा आतली बाजू बाहेर काढून दोरीवर टांगलेल्या असल्या, की त्यांच्यामागे एक सून आरामात मावते. मी आणखी थोडा वेळ तिथेच थांबले आणि मग उगाचच एक तंबूची काठी जमिनीवर पाडली. आवाज झाला. दोघी लगेच टॉर्चच्या सेलबद्दल बोलू लागल्या.

लग्नाला सात आठवडे झाले होते. माझं सासर म्हणजे डांबरी रस्ता जिथे संपतो आणि डोंगराची पायवाट सुरू होते, तिथलं शेवटचं घर. वर घर, खाली दुकान. पाठीवर पिशव्या टाकून डोंगरात जाणाऱ्यांना तंबू, दोर, स्टोव्ह, होकायंत्रं भाड्याने द्यायची, आणि ज्यांना वाट ठाऊक नाही त्यांच्यासोबत जायचं, हा घरचा धंदा. मी आले तेव्हा माझ्या पेटीत सगळे सुती कपडे होते. ते पाहून धाकटा दीर म्हणाला होता, "वहिनी, पहिला नियम. सुती घालून डोंगरात जायचं नाही. भिजलं की वाळत नाही, आणि माणूस गारठून जातो." नवऱ्याने मला पहिली भेट दिली ती होकायंत्राची. मी रुसून माहेरी निघाले तर दिशा चुकू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. मी हसले, पण सुई कशी वाचायची ते शिकून घेतलं.

सासरे नाहीत. दुकान उभं केलं ते त्यांच्या मोठ्या भावाने, म्हणजे नवऱ्याच्या काकांनी. काका सत्तरीचे. लग्न केलं नाही. तीसेक वर्षं लोकांना डोंगरावर नेण्यात गेली, आणि आता अकरा वर्षं ते पायवाटेच्या पहिल्या वळणापलीकडे गेलेले नाहीत. गुडघा दुखतो, असं घरात सांगतात.

त्या रात्री आम्ही सगळे दुकानात होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे दीर पहिल्यांदाच एकटा सात जणांची तुकडी घेऊन वर जाणार होता. मुक्काम वरच्या निवाऱ्यात. सामान मोजून भरणं चाललं होतं. नणंद काड्यापेटीतल्या काड्या भिजू नयेत म्हणून त्यांची टोकं वितळलेल्या मेणात बुडवत होती, नवरा तंबूच्या खुंट्या लावत होता, मी शिट्ट्या पुसून एकेका दोरीत ओवत होते. काका दोराचं वेटोळं करत होते. दीर एका लाकडी खोक्यावर उभा राहून उद्याच्या सूचनांची तालीम करत होता.

"समजा, वाट चुकलात. काय करायचं?"

"तुला शिव्या घालायच्या," नणंद म्हणाली.

"त्याआधी! त्याआधी थांबायचं. सैरावैरा पळायचं नाही. दमट कपडे काढून कोरडे घालायचे. उघड्या जमिनीवर बसायचं नाही, खाली वीतभर पानं पसरायची, कारण वाऱ्यापेक्षा जमीन जास्त ऊब ओढून घेते. मग तीन शिट्ट्या द्यायच्या. तीन म्हणजे मदत हवी. मी एक शिट्टी देईन. एक म्हणजे ऐकलं, निघालो. आणि मग मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

काकांचे हात थांबले.

"ते शेवटचं पुन्हा म्हण."

"मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

"ते नाही म्हणायचं."

"मग?"

"उजाडेपर्यंत म्हण. निवारा दिसेपर्यंत म्हण. 'मी येईपर्यंत' नाही म्हणायचं."

दीर हसला. "काय फरक पडतो, काका? येणार तर मीच आहे ना."

हसलं कोणीच नाही. सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या आणि डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली.

"ऐकू दे," काका म्हणाले. "हा उद्या एकटा चाललाय. आणि ही आता या घरचीच आहे. तो मोठा दिवा घालव रे. डोळ्यांवर येतोय."

नवऱ्याने दिवा घालवला. मेण वितळवायची मेणबत्ती तेवढी राहिली.

"माझ्या ओळखीचा एक वाटाड्या होता," काकांनी सुरुवात केली. "आपल्यासारखंच काम करायचा. एकदा एक तुकडी खाली आली ती वरच्या निवाऱ्यात दोन स्लीपिंग बॅगा आणि एक स्टोव्ह विसरून. त्याच वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायच्या होत्या. नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. हा पाचला निघाला. वाट पायाखालची. साडेसातला वर पोचायचं, सामान पाठीवर टाकायचं, दहाला घरी. माझं ताट झाकून ठेवा, म्हणाला."

"एकटाच?" दिराने विचारलं. "तुम्हीच तर सांगता, रात्री एकट्याने..."

"मीच सांगतो. का सांगतो ते ऐक. सगळं सामान बरोबर होतं त्याच्याकडे. डोक्याला टॉर्च, खिशात मेणातल्या काड्या, एक चंदेरी पांघरूण, गळ्यात शिट्टी. चूक सामानात नव्हती."

मी हातातली शिट्टी हळूच टोपलीत ठेवली.

"अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. टॉर्च लावला तर समोर पांढरी भिंत, विझवला तर काळी. तरी पोचला. सात पन्नास. तो निवारा तुम्ही पाहिलाय, दगडी भिंती, लोखंडी दार, आत एक फळी. त्याने बॅगा गुंडाळल्या, स्टोव्ह कपड्यात बांधला. आठ वाजून वीस मिनिटं झाली. आणि बाहेर शिट्टी वाजली. एक... दोन... तीन."

मेणबत्तीची वात तडतडली. नणंदेने ती चिमटीने सारखी केली.

"याने उत्तर दिलं. एक शिट्टी."

"बरोबरच आहे," दीर म्हणाला.

"बरोबरच. एवढ्या वर्षांची सवय. विचार करायच्या आत हात गळ्याशी गेला. शिट्टी देऊन झाल्यावर त्याला आठवलं, की वर जाणारा प्रत्येक माणूस दुकानाच्या वहीत नाव लिहून जातो. आणि त्या दिवशी वहीचं पान कोरं होतं. डोंगरावर कोणीच नव्हतं."

काकांनी दोराची गाठ ओढून पाहिली. मग म्हणाले, "आता मागचं सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळायचं नाही."

आणि त्यांनी घड्याळजीची हकीकत सांगितली.

त्याच्या सहा वर्षं आधी या वाटाड्याने दोन माणसं वर नेली होती. एक घड्याळं दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, आणि दुसरा त्याचा मेहुणा. घड्याळजी पहिल्यांदाच डोंगरात येत होता. दुकानातून दिलेला सूचनांचा कागद त्याने दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना खाली रेघा मारल्या. काका म्हणाले, "सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस. वाटेत पाणी शुद्ध करायची गोळी टाकून अर्धा तास ठेवा म्हटलं, तर एकोणतिसाव्या मिनिटाला तहान लागली तरी प्यायचा नाही. मेहुणा त्याची टर उडवायचा. म्हणायचा, भावोजी, गोळीला तरी कुठे घड्याळ कळतंय! तर हा म्हणाला, मला कळतं ना."

शेवटच्या चढावर धुकं आलं आणि मागे राहिलेल्या मेहुण्याचा पाय मुरगळला. तो खालून ओरडायला लागला. वाटाड्याने घड्याळजीला एका खडकाच्या आडोशाला बसवलं. म्हणाला, "याला घेऊन येतो. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शिट्ट्या देत राहा, मी उत्तर देईन." घड्याळजीने विचारलं, "किती मिनिटांनी?" याने चालता चालता सांगितलं, "दहा."

"मेहुण्याला वर चढवेना," काका म्हणाले. "पाय टेकत नव्हता. त्याला पाठीवर घेऊन वाटेतल्या खालच्या वनचौकीत आणावं लागलं. तोवर रात्र पडली. वर जायची वाट ओल्या कातळावरून. वाटाड्या दोनदा निघाला, दोनदा घसरला. दुसऱ्यांदा गुडघा फुटला. मग चौकीच्या दारात बसून राहिला. वरून दर दहा मिनिटांनी तीन शिट्ट्या यायच्या. हा एक द्यायचा. धीर यावा म्हणून. रात्रभर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शिट्टी यायला हवी होती. आली नाही."

नणंदेने हातातली काडी मेणात तशीच धरून ठेवली.

"उजाडल्यावर गेला. माणूस बसलेलाच होता. खाली वीतभर पानं. पाय बधिर होऊ नयेत म्हणून बुटांच्या नाड्या सैल. कपडे कोरडे. सगळं बरोबर केलं होतं. पण थंडीच तशी पडली होती... आणि निवारा किती लांब होता, माहितीये? चाळीस पावलं. खालच्या चौकीशी धुकं सकाळपर्यंत होतं. पण वर, नंतर कळलं, ते रात्री दोनलाच निवळलं होतं. चांदणं होतं. निवाऱ्याचं दार त्याला समोर दिसत असणार. आत फळी, स्टोव्ह, चार घोंगड्या. चार तास तो ते दार बघत बसला. आणि दर दहा मिनिटांनी खालून एक शिट्टी यायची. ऐकलं, निघालो. हलू नका."

काका उजव्या गुडघ्यावरून हात फिरवत होते. नवरा खुंट्यांकडे बघत होता. त्या खुंट्या त्याने मघाशीच लावून संपवल्या होत्या. हा वाटाड्या कोण, हे त्या खोलीत मी आणि दीर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आता आम्हालाही ठाऊक झालं.

"तर," काका म्हणाले, "आठ वीसला शिट्टी झाली. याने उत्तर दिलं. मग घड्याळाकडे बघत बसला. स्वतःला म्हणाला, वारा असेल. पाखरू असेल. आठ एकोणतीस झाले... आठ तीस. तीन शिट्ट्या. घड्याळ लावून घ्यावं, अशा."

"या वेळी...?" नणंदेने विचारलं.

"या वेळी नाही दिलं उत्तर. दार लावून आतच बसावं, असं वाटलं. पण दाराला आतून कडी नाही. खाली उतरायची वाट एकच. आणि ती त्याच खडकाजवळून जाते. त्याने हिशोब केला. आत्ता निघालं, तर पुढची शिट्टी व्हायच्या आत आपण खडक ओलांडू. बॅगा पाठीवर घेतल्या. धुक्याने अंग भिजत होतं म्हणून चंदेरी पांघरूण उघडून खांद्यावर घेतलं. निघाला. पावलं मोजत."

काकांचा आवाज बारीक झाला.

"दहा. वीस. टॉर्चच्या उजेडात फक्त स्वतःचे बूट. तीस. सगळीकडून पाणी ठिबकत होतं. झाडावरून. खडकावरून. टोपीवरून... अडतीस. एकोणचाळीस."

काकांनी दोराचं वेटोळं खाली ठेवलं.

"खडकाच्या आडोशाला पानं पसरलेली होती. वीतभर. नीट. कडा सारख्या केलेल्या. मधोमध खळगा. माणूस बसून उठल्यावर पडतो तसा. धुकं ठिबकत होतं आणि पानं कोरडी होती. त्याने हात लावला. का लावला, देव जाणे. हात लावला तर..."

"गार?" दीर पुटपुटला.

"ऊन."

मेणबत्तीची ज्योत सरळ होती. मी तिच्याकडेच बघत होते. दुसरीकडे कुठे बघावंसं वाटत नव्हतं.

"घड्याळात बघितलं. आठ चाळीसला काही सेकंद होते. हा वाकलेलाच. उठता येईना. आणि कानाशी..."

काकांनी हात कानाशी नेला. 

"शिट्टी वाजवायच्या आधी माणूस श्वास घेतो ना? छाती भरून. तेवढाच आवाज. कानाशी. इथे. श्वास आत गेला... आणि थांबला."

"शिट्टी?"

"नाही वाजली. आठ चाळीस झाले. नाही वाजली. आठ एकेचाळीस. काही नाही. नुसतं कोणीतरी... थांबलेलं. श्वास धरून. इतक्या जवळ."

"मग?"

"मग तो पळाला. पांघरूण खांद्यावरून कुठे गळून पडलं, कळलं नाही. फुटका गुडघा घेऊन कातळावरून पळाला. आणि आठ पन्नासला मागून आल्या. एक... दोन... तीन. नऊला आल्या. नऊ दहाला आल्या. घरात शिरेपर्यंत. त्याने उत्तर दिलं नाही. आजतागायत दिलेलं नाही."

दिराने खोक्यावरून पाय खाली घेतले. तो कधी बसला होता ते मला कळलं नव्हतं.

"सकाळी त्याने घराचं दार उघडलं. उंबऱ्यावर चंदेरी पांघरूण होतं."

"कोणीतरी वरून आणून ठेवलं असेल," नवरा म्हणाला. बोलायचं म्हणून बोलला.

"असेल. पण घडी?" काकांनी शेजारच्या खोक्यातून एक नवं पाकीट घेतलं. तळहाताएवढं. फोडलं आणि आतलं चंदेरी पांघरूण झटकलं. ते सळसळत फुगलं आणि मेणबत्तीच्या उजेडात सगळ्या दुकानभर चकाकलं. "घाल बरं घडी. पाकिटात होती तशी."

"नाहीच बसत ती," नणंद म्हणाली. "मी तीनदा करून पाहिलंय. शेवटी उशी होते."

"कोणालाच जमत नाही. ते यंत्राने घालतात. उंबऱ्यावरचं पांघरूण तळहाताएवढं होतं. रेषेवर रेष. कडेला कड. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाने घालावी, तशी घडी." काकांनी हातातलं पांघरूण चुरगाळून बाजूला ठेवलं. "ते त्याने अजून उघडलेलं नाही."

सासूबाई जिन्यावरून म्हणाल्या, "भाऊजी, पुरे आता. एवढं बोलून त्या माणसाचा गुडघा दुखायला लागला असेल."

काका हसले नाहीत. ते दिराकडे वळले. "म्हणून सांगतो. उद्या रात्री मोजून घे. तुझी सातही माणसं डोळ्यांसमोर असतील, आणि तरी बाहेर तीन शिट्ट्या वाजल्या, तर उत्तर द्यायचं नाही. दार ओढून घ्यायचं. कोणी विचारलं तर पाखरू म्हणायचं."

"म्हणजे अजून वाजतात?" दिराचा आवाज चिरकला.

"धुकं असलं की वाजतात," नवरा म्हणाला. "मी दोनदा ऐकल्यात."

सात आठवड्यांत हे मला सांगायला त्याला वेळ मिळाला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाहतेय हे बघून पुन्हा खुंट्यांकडे.

"आणि तू काय केलंस?" दिराने त्याला विचारलं.

"काकांनी सांगितलं तेच. दार ओढलं."

"मला नाही जमणार," दीर म्हणाला. मघाशी खोक्यावर उभा राहून भाषण ठोकणारा हाच, हे खरं वाटलं नसतं. "समजा, खरंच कोणी असलं तर? आपलं नाही, दुसरं कोणी? आत बसून ऐकत राहायचं? रात्रभर?"

"रात्रभर," काका म्हणाले. हा एक शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला त्यांच्या अकरा वर्षांतल्या सगळ्या धुक्याच्या रात्री एकदम दिसल्या. वरच्या खोलीची बंद खिडकी. उशाशी ठेवलेलं घड्याळ. दर दहा मिनिटांनी...

 सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक मी बिचकले की नाही ते तपासत होत्या. बिचकले होतेच.  पण काकांच्या सांगण्यातली एक गोष्ट मनातून जात नव्हती. आठ चाळीसला शिट्टी वाजली नाही. एवढ्या वर्षांत चुकलेली तेवढी एकच. सगळ्यांनी ते ऐकलं, आणि सगळे भ्याले ते त्यामुळेच. पण ती का वाजली नसेल, असं कोणी विचारलंच नाही.

मी घसा खाकरला. नणंद दचकली.

"काका," मी म्हणाले, "तुमचा वाटाड्या खडकाशी पोचला, म्हणून घड्याळजी थांबले. ज्याने येतो म्हटलं होतं, तो आला होता. मग शिट्टी कशाला वाजवतील? फक्त 'उठा, चला' एवढं म्हणायचं राहून गेलं, आणि त्यांना कोणी सांगितल्याशिवाय ते हलणार नाहीत. उद्या मी वर जाते. मी सांगेन त्यांना."